कुंपणाची राखण कोणी करावी ?

कुंपणानेंच शेत खाल्लें तर दाद कोणाकडे मागावी, हा आपल्याकडे फार जुना प्रश्न आहे. चोर बाहेरून आला तर त्यास हांकलून देतां येतें. परंतु ज्याच्या भरंवशावर शेतकरी रात्रीं निश्चिंत निजला, त्यानेंच पीक फस्त केलें तर त्या बिचाऱ्यानें करावें तरी काय? लोकशाही राज्यांत कायदे करणारे प्रतिनिधि म्हणजे प्रजेनें आपल्या हिताभोंवतीं घातलेलें कुंपणच होय. इतर सर्व अधिकाऱ्यांवर त्यांची नजर असते. सरकारी खजिन्यांतील पै-पैचा जाब ते विचारतात. लांचलुचपतीविरुद्धचे कायदेही तेच करितात. मग त्यांच्यावर नजर कोणी ठेवावी ?

हा प्रश्न शाळेच्या वार्षिकांत कशाला, असें एखाद्या पालकास वाटेल. परंतु आज जे विद्यार्थी हें वार्षिक हातांत घेऊन त्यांत आपलें नांव कोठें छापलें आहे तें शोधीत आहेत, त्यांतील वरच्या वर्गांतले विद्यार्थी दोन-तीन वर्षांतच मतदार होतील. मत कोणास द्यावें हें त्यांचें त्यांनीं ठरवावें. त्यांत आम्ही पडत नाहीं. परंतु मत दिल्यानंतर पुढें काय, याचा विचार त्यांनीं आतांपासूनच करावा, अशी आमची इच्छा आहे.

जगांतील कांहीं देशांनीं या राखणीकरितां एक स्वतंत्र अधिकारी नेमण्याची चाल पाडली आहे. त्यास आपण आचारनीति-आयुक्त म्हणूं. त्याचें काम पोलिसाचें नव्हे, व न्यायाधीशाचेंही नव्हे. लोकप्रतिनिधीनें आपली मालमत्ता, कर्जें, कंपन्यांतील भाग व मिळालेल्या भेटी यांची माहिती नियमाप्रमाणें त्यास द्यावयाची, आणि त्यानें लोकांनीं पाहण्याजोगा भाग लोकांस खुला ठेवावयाचा. ‘अमुक भेट स्वीकारूं का ? अमुक प्रश्नावर मत देण्यास मला हरकत आहे का ?’ असें कोणी विचारल्यास त्यास आगाऊ सल्ला द्यावयाचा. आणि तक्रार आल्यास चौकशी करून निर्भीडपणें आपला अभिप्राय मांडावयाचा. समजा, एखाद्या सभासदाचे एका कारखान्यांत भाग आहेत, व त्याच कारखान्यास सवलत देण्याचा ठराव सभागृहापुढें आला. त्या सभासदानें लांच घेतलेली नाहीं, चोरी केलेली नाहीं. तरी त्याचें कर्तव्य एकीकडे ओढतें व त्याचा लाभ दुसरीकडे. अशा नाजूक ठिकाणीं पाय घसरूं नये म्हणून हा आयुक्त.

हें सर्व उत्तम आहे. परंतु केवळ असें पद निर्माण केल्यानें कार्यभाग होत नाहीं. त्या पदावरील माणसाची निवड कोण करितो, कशी करितो व किती काळाकरितां करितो, यांतच त्या पदाचें सारें बळ किंवा सारी दुर्बलता सांठविलेली असते, असें आमचें मत आहे. आपल्या शालान्त परीक्षेचेंच पाहा. उत्तरपत्रिकेवर विद्यार्थ्याचें नांव नसतें, केवळ आसनक्रमांक असतो. व ती तपासणारा परीक्षक कोण हें विद्यार्थ्यास ठाऊक नसतें. आपल्या शाळेचे शिक्षक पक्षपाती आहेत म्हणून का ही व्यवस्था आहे ? मुळींच नाहीं. मिळालेल्या गुणांविषयीं कोणाच्याही मनांत किंतु राहूं नये, हा तींतील हेतु आहे. उद्यां एखाद्या विद्यार्थ्यास आपला परीक्षक स्वतः निवडण्याची व पुढील वर्षीं त्यास ठेवावें कीं काढावें हें ठरविण्याची मुभा मिळाली, तर त्यास शंभरापैकीं शंभर गुण मिळाले तरी त्यांवर विश्वास कोण ठेवील ? आणि खरी दुःखाची गोष्ट ही कीं, तो विद्यार्थी खरोखर हुशार असला तरी त्याच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाहीं.

हीच गोष्ट कॅनडा देशांत घडून आली. १९९३ सालच्या निवडणुकीच्या वेळीं तेथील लिबरल पक्षानें आपल्या जाहीरनाम्यांत असें वचन दिलें होतें कीं, आम्ही एक स्वतंत्र नीति-सल्लागार नेमूं व तो थेट पार्लमेंटास जबाबदार राहील. पक्ष निवडून आला. ज्याँ क्रेतिएँ पंतप्रधान झाले. १९९४ सालीं हॉवर्ड विल्सन यांची त्या जागीं नेमणूकही झाली. परंतु ती नेमणूक पंतप्रधानांनीं केली, आणि पंतप्रधान व मंत्री यांच्यासंबंधींच्या बाबतींत सल्लागारानें आपलें म्हणणें पंतप्रधानांसच सांगावयाचें असें ठरलें. पुढें पंतप्रधानांच्या मतदारसंघांतील एका हॉटेलास सरकारी बँकेकडून कर्ज मिळावें म्हणून त्यांनीं त्या बँकेच्या प्रमुखांपाशीं शब्द टाकला, या गोष्टीवरून मोठें वादळ उठलें. कारण त्या हॉटेलाशेजारच्या गोल्फच्या मैदानांत पंतप्रधानांचे पूर्वीं भाग होते. सल्लागारांनीं पंतप्रधानांकडे दोष नाहीं असा निर्वाळा दिला.

तो निर्वाळा बरोबर होता कीं चूक, या वादांत आम्हांस शिरावयाचें नाहीं. तो शंभर टक्के बरोबर होता असें घटकाभर धरून चालूं. तरी त्याचा उपयोग काय झाला ? विरोधी पक्षांनीं व वर्तमानपत्रांनीं तो मान्य केला नाहीं; कारण निर्वाळा देणारा व ज्यास निर्वाळा मिळाला तो, यांचें नातें सेवक व धनी यांचें होतें. २००१ सालच्या फेब्रुवारींत विरोधी पक्षानें लिबरल पक्षाच्याच जाहीरनाम्यांतील तें वचन शब्दशः घेऊन ठराव म्हणून सभेपुढें मांडलें, तेव्हां लिबरल पक्षानें स्वतःचेंच वाक्य बहुमतानें नाकारलें ! पराधीन राखणदार दोषी माणसास पाठीशीं घालतो एवढेंच त्यापासून नुकसान नाहीं; तो निर्दोष माणसाचें निर्दोषत्वही सिद्ध करूं शकत नाहीं. आयुक्त स्वतंत्र असावा ही गरज जितकी प्रजेची, तितकीच प्रामाणिक लोकप्रतिनिधीचीही आहे, हें विसरूं नये.

अखेरीस २००४ सालीं कॅनडानें कायदा बदलून पार्लमेंटास जबाबदार असा आयुक्त निर्माण केला, आणि २००६ सालच्या कायद्यानें तें पद अधिक भक्कम केलें. नवा नियम असा कीं, कॉमन्स सभेंतील प्रत्येक मान्य पक्षाच्या नेत्याचा सल्ला घ्यावा, सभेनें ठराव करून संमति द्यावी, आणि मगच सरकारनें नेमणूक करावी. मुदत ७ वर्षांची. पूर्वीं वरिष्ठ न्यायालयांत न्यायाधीश असलेला, किंवा न्यायमंडळावर अथवा अशाच आचारनीतीच्या पदावर काम केलेला मनुष्यच त्यास पात्र. सबळ कारणावांचून व सभेनें मागणी केल्यावांचून त्यास दूर करितां येत नाहीं.

या बदलाचें फळ काय मिळालें तें पाहूं. २०१७ सालच्या डिसेंबरांत आयुक्त मेरी डॉसन यांनीं पंतप्रधान जस्टिन ट्रूडो यांच्याविषयीं अहवाल प्रसिद्ध केला. ट्रूडो यांनीं बहामा बेटांपैकीं आगाखान यांच्या खासगी बेटावर सहकुटुंब सुट्टी घालविली होती. आगाखानांच्या संस्थेचा कॅनडा सरकाराशीं व्यवहार असल्यानें हा पाहुणचार स्वीकारणें कायद्याच्या विरुद्ध होतें, असें त्यांनीं स्पष्ट लिहिलें. २०१९ सालच्या ऑगस्टांत त्यांच्यानंतरचे आयुक्त मारिओ डिऑन यांनीं दुसरा अहवाल दिला. एका मोठ्या बांधकाम कंपनीवरील खटल्याच्या बाबतींत ॲटर्नी-जनरलवर वजन आणण्याचा पंतप्रधानांनीं प्रयत्न केला व तेणेंकरून कायदा मोडला, असा त्याचा निष्कर्ष होता. आणि २०२१ सालच्या मे महिन्यांत याच डिऑन यांनीं एका धर्मादाय संस्थेच्या प्रकरणांत त्याच पंतप्रधानांस निर्दोष ठरविलें, व त्यांच्या माजी अर्थमंत्र्यांस दोषी ठरविलें. हा तिसरा निकाल पहिल्या दोहोंइतकाच महत्त्वाचा आहे. ज्यानें पूर्वीं दोष दाखविण्यास मागेंपुढें पाहिलें नाहीं, त्याच्याच तोंडून निर्दोषत्वाचा निकाल आला म्हणजे त्यास वजन येतें. सदा ‘छान’ म्हणणाऱ्या गुरुजींच्या शाबासकीस वर्गांत किती किंमत असते, हें आमच्या विद्यार्थ्यांस सांगणें न लगे.

येथें कोणी असा आक्षेप घेईल कीं, लोकप्रतिनिधीचा खरा न्यायाधीश मतदार. लोकांनीं निवडून दिलेल्या माणसाचा न्याय लोकांनीं न निवडलेल्या अधिकाऱ्यानें कां करावा? हा आक्षेप वरवरचा नाहीं, व त्यास उत्तर दिलें पाहिजे. आयुक्त कोणास पदच्युत करीत नाहीं, कोणास तुरुंगांत घालीत नाहीं. वर सांगितलेले अहवाल निघाले त्या वेळीं कॅनडाच्या त्या कायद्यांत दंडाची कमाल मर्यादा अवघी ५०० डॉलर होती, आणि तीही मुख्यतः माहिती वेळेवर सादर न करण्यासारख्या कसुरीबद्दल. मग त्याचें बळ कशांत ? उजेडांत. २०१९ सालचा अहवाल ऑगस्टांत प्रसिद्ध झाला व ऑक्टोबरांत सार्वत्रिक निवडणूक झाली. तींत ट्रूडो यांच्या पक्षास सर्वांत जास्त जागा मिळाल्या, परंतु स्वतःच्या बळावरील बहुमत गेलें. त्या मतदानाचें कारण अमुकच होतें असें आम्ही म्हणत नाहीं. मतदार अनेक गोष्टी तोलून मत देतो. परंतु त्यानें जें मत दिलें तें सर्व पाहून दिलें. दिवा लावणारा मनुष्य घरमालकाचा अधिकार हिरावून घेत नाहीं. घरांत काय आहे तें घरमालकास दिसावें एवढीच त्याची सेवा.

दुसरा आक्षेप असा कीं, नियमांचा एवढा काथ्याकूट कशाला ? एखादा सज्जन, बाणेदार मनुष्य शोधून बसवावा म्हणजे झालें. महाराष्ट्रांत हा विचार सहज सुचतो. कारण आमच्यापुढें रामशास्त्री प्रभुणे यांचें उदाहरण आहे. १७७३ सालीं नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हां प्रत्यक्ष राघोबादादांस ‘यास देहान्त प्रायश्चित्तच’ अशा अर्थाचा निर्णय रामशास्त्र्यांनीं तोंडावर सांगितला, अशी त्यांची कीर्ति आहे. त्या निःस्पृहतेस आमचा दंडवत असो. परंतु त्या कथेचा उत्तरार्ध आपण फारसा सांगत नाहीं. निर्णय सांगणाऱ्या शास्त्र्यांस पुणें सोडून जावें लागलें, आणि ज्यांच्याविरुद्ध निर्णय झाला ते त्या वेळीं गादीवरच राहिले. मनुष्य अढळ होता. त्याचें पद मात्र अढळ नव्हतें. शिवाय रामशास्त्री शतकांतून एखादाच निपजतो. आयुक्त तर दर पांच-सात वर्षांनीं नेमावा लागतो. सामान्य धैर्याच्या परंतु प्रामाणिक माणसासही निर्भयपणें काम करितां यावें, अशी व्यवस्था करणें हाच नियमांचा उद्देश असतो.

अशा व्यवस्थेच्या अभावीं काय होतें हें इंग्लंडांत दिसून आलें. पैसे घेऊन पार्लमेंटांत प्रश्न विचारण्याच्या प्रकारानें १९९४ सालीं तेथें मोठी खळबळ उडाली. लॉर्ड नोलन यांच्या अध्यक्षतेखालीं समिति बसली. तिनें सार्वजनिक जीवनाचीं सात तत्त्वें घालून दिलीं. आणि १९९५ सालीं सभासदांच्या वर्तनावर देखरेख ठेवणारा पहिला आयुक्त नेमला गेला. १९९९ सालीं त्या जागीं आलेल्या एलिझाबेथ फिल्किन यांनीं मंत्री असो वा साधा सभासद असो, कोणाचीही भीड धरिली नाहीं. तीन वर्षांची मुदत संपत आली तेव्हां त्यांस पुन्हा नेमण्याऐवजीं, जागेची नव्यानें जाहिरात देण्यांत येईल, हवें तर त्यांनीं पुन्हा अर्ज करावा, असें कळविण्यांत आलें; कामाचे दिवसही कमी करण्याचें घाटलें. आपल्यावर दडपण आणण्यांत आलें व आपल्याविरुद्ध कुजबूज पसरविण्यांत आली, असें सांगून त्यांनीं अर्ज करण्याचें नाकारलें, आणि २००२ सालीं त्या पदावरून गेल्या. त्यांस कोणी काढलें नव्हतें. केवळ पुन्हा नेमलें नाहीं. परंतु पुनर्नेमणुकीची आशा हीच एक दोरी असते, आणि ती दोरी ज्यांची चौकशी करावयाची त्यांच्याच हातांत होती. या प्रसंगापासून इंग्लंड शहाणें झालें. पुढें असा नियम झाला कीं, आयुक्ताची नेमणूक एकदांच व ५ वर्षांकरितां व्हावी, पुन्हा होऊं नये. ज्यास पुढें कांहीं मिळवावयाचें उरलें नाहीं, त्यास कोणापुढें मान लववावी लागत नाहीं.

या नियमाचा गुण २०२१ सालीं कसास लागला. ओवेन पॅटर्सन नांवाच्या एका वजनदार सभासदानें दोन कंपन्यांकडून मेहनताना घेऊन त्यांच्या वतीनें सरकारी खात्यांकडे खटपट केली, असा निष्कर्ष आयुक्त कॅथरिन स्टोन यांनीं काढला. व सभेच्या समितीनें ३० बैठकांपुरतें त्यास निलंबित करावें असें सुचविलें. तेव्हां सरकार पक्षानें ३ नोव्हेंबर रोजीं २५० विरुद्ध २३२ मतांनीं ती शिक्षा अडवून धरिली व चौकशीची पद्धतिच बदलण्याचा घाट घातला. एका मंत्र्यानें तर आयुक्तांनींच आपल्या पदावर राहण्याविषयीं विचार करावा असें सुचविलें. परंतु लोकांत असा काहूर उठला कीं, दुसऱ्याच दिवशीं सरकारास माघार घ्यावी लागली. त्या सभासदानें राजीनाम्याची घोषणा केली. त्या मंत्र्यासही पुढें क्षमा मागावी लागली. डिसेंबरांत त्या जागेकरितां पोटनिवडणूक झाली, तेव्हां मागील खेपेस सुमारें २३ हजारांच्या अधिक्यानें जिंकलेली ती जागा सरकार पक्षानें गमावली. आयुक्त मात्र आपल्या जागीं राहून आपलें काम करीत होत्या.

कॅनडाचा कायदा याबाबतींत तितका पक्का नाहीं, हेंही निःपक्षपातीपणें सांगितलें पाहिजे. तेथें पुनर्नेमणूक होऊं शकते. मेरी डॉसन यांची मुदत संपल्यावर शेवटीं शेवटीं त्यांस सरकारकडून सहा-सहा महिन्यांच्या मुदतवाढी मिळत गेल्या, आणि अशाच एका मुदतवाढींत त्या पंतप्रधानांची चौकशी करीत होत्या. हा प्रकार इतका अवघड होता कीं, नव्या आयुक्ताच्या निवडीपासून आपण दूर राहूं, असें पंतप्रधानांस जाहीर करावें लागलें. डॉसन बाई डगमगल्या नाहींत हें त्यांस भूषण आहे. परंतु त्यांची अशी परीक्षा पाहणें हें त्या कायद्यास भूषण नव्हे.

त्याहून मोठें भगदाड २०२३ सालीं दिसलें. फेब्रुवारींत डिऑन यांनीं प्रकृतीच्या कारणानें पद सोडलें. कायम आयुक्तास सभेची संमति लागते. पण तात्पुरता आयुक्त सहा महिन्यांपर्यंत सरकारास आपल्या अधिकारांत नेमतां येतो. सरकारानें त्याच कार्यालयांत कित्येक वर्षें काम केलेल्या एका विधिज्ञ बाईंस तात्पुरतें नेमलें. त्यांच्या योग्यतेविषयीं वाद नव्हता. परंतु त्या मंत्रिमंडळांतील एका मंत्र्याच्या निकट नात्यांतील होत्या. टीकेचा भडिमार झाला, आणि थोड्याच आठवड्यांत त्यांनीं पद सोडलें. त्यानंतर सप्टेंबरपर्यंत ती खुर्ची रिकामी राहिली. कार्यालय होतें, कारकून होते, दप्तरें होतीं. परंतु चौकशीचा अधिकार ज्याचा तोच नव्हता. राखणदारास विकत घेण्यापेक्षां त्याची जागा रिकामी ठेवणें किती सोपें ! त्यांत कोणास लांच द्यावी लागत नाहीं, कोणावर दडपण आणावें लागत नाहीं. केवळ उशीर करावा लागतो.

आतां आपल्या देशाकडे वळूं. या विषयांत आपण अगदींच मागें होतों असें नाहीं. स्वतंत्र भारताचें तात्पुरतें पार्लमेंट असतांना १९५१ सालींच मुद्गल नांवाच्या एका सभासदाचें प्रकरण उपस्थित झालें. मुंबईच्या सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघाकडून पैसे घेऊन त्यांच्या हितासाठीं सभागृहांत प्रश्न विचारल्याचा त्यांच्यावर आरोप होता. पंडित नेहरूंनीं स्वपक्षाच्या सभासदाविरुद्ध स्वतः चौकशीचा ठराव आणिला. समितीनें त्यांस दोषी ठरविलें. आणि सभागृहांतून हकालपट्टी होण्यापूर्वीं त्यांनीं राजीनामा दिला, तेव्हां हा राजीनामाही दोषांत भर घालणारा आहे असें सभागृहानें ठरविलें. पुढें १९९७ सालीं राज्यसभेनें आचारनीति-समिति नेमली. तिचे पहिले अध्यक्ष महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण हे होते. २००० सालीं लोकसभेनेंही अशी समिति नेमली. २००५ सालच्या डिसेंबरांत प्रश्न विचारण्याकरितां पैसे घेतल्याबद्दल दोन्ही सभागृहांतील मिळून ११ सभासदांस घालवून देण्यांत आलें.

हें सर्व स्तुत्य आहे. परंतु या समित्यांत बसणारे सर्वजण सभासदच असतात. आपल्याच बाकावरील सोबत्याचा न्याय करतांना मन दोन्ही बाजूंस ओढलें जातें : स्वपक्षाचा असला तर ममता आड येते, परपक्षाचा असला तर वैर. निकाल न्याय्य असला तरी हरलेला पक्ष त्यास सूड म्हणतो व जिंकलेला त्यास नीति म्हणतो, आणि खरें काय हें सामान्य माणसास कळत नाहीं. लोकपालाचा कायदा २०१३ सालीं पार्लमेंटानें संमत केला, हेंही खरें; त्याच्या निवड-समितींत पंतप्रधान, लोकसभेचे सभापति, विरोधी पक्षाचे नेते व न्यायसंस्थेचे प्रतिनिधि असावेत, ही योजनाही विचारपूर्वक केलेली आहे. परंतु लोकसभेंत मान्य विरोधी पक्षनेताच नाहीं या कारणानें व इतर दिरंगाईमुळें पहिला लोकपाल पदावर आला तो २०१९ सालच्या मार्चांत. पांच वर्षें खुर्ची कागदावरच होती. शिवाय लोकपालाचें क्षेत्र भ्रष्टाचाराच्या गुन्ह्यांचें. गुन्ह्याच्या अलीकडे जें नाजूक, निसरडें वर्तन असतें, ज्याविषयीं आगाऊ सल्ला मिळाला असता तर पुष्कळ सज्जन सांवरले असते, त्याकरितां आमच्या संसदेच्या सभागृहांपाशीं निराळा आयुक्त नाहीं. तो असावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. सभागृहाच्या सार्वभौमत्वास त्यामुळें बाध येईल ही भीति निराधार आहे. कारण आयुक्तानें चौकशी करून सांगावयाचें, व शिक्षा करावी कीं नाहीं हें सभागृहानेंच ठरवावयाचें, हीच इंग्लंडांतील रीत आहे, आणि पार्लमेंटाच्या अधिकाराचा अभिमान इंग्रजांहून अधिक कोणास असेल?

तात्पर्य, असा आयुक्त कोठेंही नेमला जात असेल तर त्यास आम्ही चार कसोट्या लावूं. पहिली, त्याची निवड एकट्या सरकारनें केली आहे, कीं विरोधी पक्षांच्याही संमतीनें झाली आहे ? दुसरी, त्याची मुदत ठरलेली व एकदांचीच आहे, कीं पुनर्नेमणुकीची दोरी कोणाच्या हातांत आहे ? तिसरी, जागेची पात्रता आधीं जाहीर करून ती उघडपणें भरली आहे, व ज्यांच्यावर नजर ठेवावयाची त्यांच्या आप्तसंबंधांपासून तो मोकळा आहे, कीं नाहीं ? आणि चौथी, त्याची मुदत संपण्याच्या आंत दुसरा नेमलाच पाहिजे असें कायद्यांत बंधन आहे, कीं खुर्ची रिकामी ठेवण्याची वाट मोकळी सोडली आहे ? या चारांपैकीं एकही कसोटी अवघड नाहीं. शाळेंतील क्रिकेटच्या सामन्यास पंच नेमतांना आमचे विद्यार्थी यांतल्या तीन तरी न सांगतां लावतात. दोन्ही संघांस मान्य असलेलाच पंच उभा राहतो. कोणत्याही संघाच्या कप्तानाचा भाऊ उभा राहिला तर लगेच ओरड होते. आणि पंचावांचून खेळ सुरूच होत नाहीं. मुलांस जें खेळांत कळतें तें मोठ्यांस राज्यकारभारांत कळूं नये, ही नवलाची गोष्ट आहे.

पालकांस आमची विनंति इतकीच कीं, ‘सगळे सारखेच’ हें वाक्य घरांत मुलांदेखत उच्चारूं नये. तें ऐकून मुलें सावध होत नाहींत, उदास होतात. आणि उदास मतदारासारखा सोयीचा मतदार वाईट प्रतिनिधीस दुसरा नाहीं. सगळे सारखे नसतात. कोण कसा आहे हें दाखविणारा दिवा घरांत आहे कीं नाहीं, तो कोणाच्या तेलावर जळतो, व तो विझविण्याची फुंकर कोणाच्या तोंडीं आहे, हें पाहावयास मुलांस शिकवावें. आणि विद्यार्थ्यांनीं, पुढें जेव्हां वर्तमानपत्रांत ‘अमुक अधिकाऱ्याची नेमणूक’ अशी चार ओळींची बातमी एखाद्या कोपऱ्यांत दिसेल, तेव्हां ती ओलांडून पुढें जाऊं नये. निवडणुकीच्या मोठ्या मथळ्यांत कुंपण कोणतें घातलें तें कळतें. त्या कुंपणाची राखण कोणाकडे दिली, तें त्या चार ओळींत कळतें.